फुलातला तिसरा

कवितेत फूल आले की भुंगा येणारच. या जोडीची आम्हां वाचकांस इतकी सवय झालेली आहे, की दोघांच्या मध्ये आणखी कोणी असेल अशी शंकाही येत नाही. तो तिसरा म्हणजे यीस्ट. आंबवण्याच्या द्रव्याला संस्कृतात किण्व म्हणत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, मद्याच्या प्रकरणात, हा शब्द भेटतो. काव्याच्या बागेत मात्र किण्वाला कधी प्रवेश मिळाला नाही.

मुळात 'भुंगा' हा शब्दच सैल. लाकूड पोखरणारी ती मोठी काळी माशी भुंगा, आणि नारळाच्या झाडाला छळणारा कठीण पाठीचा भुंगेराही गेंड्या भुंगाच. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातील भ्रमर कोरडे लाकूड सहज पोखरतो आणि कोवळ्या कळीत मात्र कोंडला जातो. वर्गात हा दृष्टान्त शिकवताना आम्ही स्नेहाच्या बंधनापाशी थांबतो, आणि ते योग्यच आहे. पण फुलात खरोखर मुक्काम करणारे कीटक असतात, ते बहुधा भुंगेरे. कमळ तर फुलण्याच्या दिवसांत स्वतः ऊब निर्माण करते. बाहेर गारठा असला तरी आतले तापमान तीस अंशांच्या वर राहते. मिटलेल्या पाकळ्यांत रात्र काढणाऱ्या भुंगेऱ्याला तो तुरुंग नसून उबदार वसतिगृह असते.

आमच्या ताडकळसच्या शिवारात कमळांपेक्षा बेशरम अधिक. ओढ्याकाठी, बांधावर, कुठेही फांदी खोचली की रुजते, म्हणून हे नाव. मूळचे हे झुडूप उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे. त्याचे जांभळट फूल सकाळी उमलते आणि त्याचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे. याच कुळातल्या अल्पायुषी फुलांमध्ये अमेरिकेत आणि इतरत्रही तीळभर आकाराचे काळे भुंगेरे राहतात. ते पराग खातात, मकरंद पितात, आणि फूल कोमेजले की दुसऱ्या दिवशीच्या ताज्या फुलात जातात. त्यांच्याबरोबर यीस्ट जाते. यीस्टला पंख नाहीत, पाय नाहीत. मकरंदातल्या साखरेवर ते वाढते, पण त्याचे घर संध्याकाळपर्यंतच टिकणार. भुंगेऱ्याचे अंग आणि त्याचे पोट, एवढाच त्याचा उद्याचा मार्ग.

या यीस्टांपैकी एका प्रमुख प्रजातीसमूहाचे नाव मेट्श्निकोविया. १८८४ साली मेश्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने पाण्यातल्या डाफ्निया या सूक्ष्म जीवाच्या शरीरात सुईसारखे बीजाणू घुसलेले पाहिले, आणि त्या बीजाणूंना गिळणाऱ्या पेशीही पाहिल्या. त्यातून त्यांच्या रोगप्रतिकाराच्या सिद्धान्ताला बळ मिळाले. १९०८ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. पुढे यीस्टला त्यांचे नाव दिले गेले. फुलांत राहणाऱ्या त्याच्या भाऊबंदांचा शोध कॅनडातील मार्क-आंद्रे लाशांस आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षे घेतला. हवाई बेटांवरच्या फुलांतून १९९० साली एक नवी प्रजाती नोंदली गेली. २००१ साली अशा अल्पायुषी फुलांतील यीस्टांचा भूगोल मांडणारा त्यांचा निबंध आला. त्यातून उमटणारी गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते. कोणत्या फुलात कोणते यीस्ट सापडेल हे फुलाच्या जातीपेक्षा तिथे कोणता भुंगेरा येतो यावर अधिक ठरते. हवाईत स्थानिक भुंगेऱ्यांची यीस्टे वेगळी आणि बाहेरून आलेल्या अमेरिकन भुंगेऱ्याबरोबर आलेली यीस्टे वेगळी. माती तीच, पाऊस तोच; वाहक निराळा.

साहित्याविषयी बोलताना आम्ही याच्या नेमके उलट बोलत आलो आहोत. अमुक मातीत कविता उगवते, तमुक माती वाङ्मयाला कोरडी, अशी विधाने आम्ही चर्चासत्रांतून किती वेळा ऐकली! मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले दुसरे विधान पुष्कळदा आले. आमच्यापुरते सांगायचे तर, आमच्या हाती पहिला दिवाळी अंक आला तो एका शिक्षकांच्या पिशवीतून. परभणीहून एसटीने परतताना ते अंक आणीत. अर्ध्या गावातून फिरून तो परत त्यांच्याकडे येई तेव्हा त्याचे मुखपृष्ठ गळालेले असे. त्यांनी स्वतः एक ओळही लिहिली नाही. वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात त्यांचे नाव येण्याचे कारण नाही. पण त्या पिशवीवाचून आमच्यातले कोणी आज हे लिहीत नसते.

ते निवृत्त झाले, अंक येणे थांबले, आणि नंतरच्या मुलांना वाचनाची आवडच नाही असा निष्कर्ष सगळ्यांनी सहज काढला. फूल उमलत होतेच. भुंगेरा येईनासा झाला होता. या दोन गोष्टींतला फरक न ओळखणारी समीक्षा मातीला दोष देऊन मोकळी होते. साहित्याच्या विद्यार्थ्याने एखाद्या गावाच्या वाङ्मयीन दारिद्र्याविषयी लिहायला घेतले, तर त्याने आधी एक साधी नोंद करावी: तिथे पुस्तक कोणाच्या हातून येत असे, आणि तो माणूस येणे कोणत्या वर्षी थांबले.