दिमोनातलं कालवण

मैत्रिणींनो, परगावी नव्या हॉटेलाची पाटी दिसली की आपले पाय आपोआप तिकडे वळतात, हो ना? इस्रायलमध्ये माझे असेच वळले आणि मी चांगलीच फसले!

माझी अलिबागची बालमैत्रीण बेने इस्रायली. रायगडात या समाजाला पूर्वी 'शनिवार तेली' म्हणत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद. १९७५ साली लग्न होऊन ती गेली, ती नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोनाचीच झाली. त्या गावात मराठी ऐकू आलं, की ऊर भरून येतो बघा!

तिच्या नातीला मात्र मराठीचे चारच शब्द येतात. "हिला आपली चव तरी कळू दे," असं मैत्रीण सारखी म्हणे. जवळच्या बीरशेबा शहरात नवं भारतीय कोशर हॉटेल निघालं होतं. मोठ्या हौसेने दोघींना मीच तिथे घेऊन गेले.

कोशर म्हणजे यहुदी धर्मनियमांना धरून केलेलं अन्न. मांस आणि दूधदुभतं एकत्र शिजवायचं नाही, एका जेवणात खायचंही नाही; भांडीसुद्धा वेगळी. म्हणून हॉटेल एक तर मांसाचं, नाही तर दुधाचं. कोलंबी, खेकडे वर्ज्य. पर आणि खवले असलेलीच मासळी चालते.

आमचं हॉटेल मांसाचं. भिंतीवर कोशरचा दाखला, टेबलं लख्ख. कोंबडीचं कालवण आणि भात मागवला. पाऊण तासाने आलं ते काय? गुलाबी कालवण! दही-साय चालत नाही, म्हणून पाकिटातली बिनदुधाची साय ओतलेली. वर साखर! मसाला कच्चा, भाताचा नुसता गोळा.

मैत्रीण दोन घास खाऊन म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय हं." मला हसू फुटलं. तेवढ्यात नातीने चमचा खाली ठेवला. "आजी, तुझं कोकण हेच?" मैत्रिणीचा चेहरा खर्रकन उतरला. पैसे माझे गेले, पण नुकसान तिचं झालं होतं.

दोष नियमांचा नव्हता बरं का! मांसाला दूध चालत नाही, तर कोकणातल्या बेने इस्रायली बायकांनी नारळाचं दूध कधीच आपलंसं केलं. कालवणही त्यातलं आणि सणाचा हलवाही त्यातलाच.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने बाजारातून नारळ आणला. मी अलिबागहून नेलेला मसाला काढला. खोबरं वाटून घट्ट दूध वेगळं ठेवलं, पातळ दुधात कोंबडी शिजवली. घट्ट दूध अगदी शेवटी, मंद आचेवर घातलं. तुम्हीही असंच करा. खळखळून उकळलं, की दूध फुटतं.

नातीने आधी भीत भीत बोट बुडवलं. मग काही न बोलता दुसऱ्यांदा भात घेतला. आजी म्हणाली, "पुढच्या वेळी नारळ तू पिळायचास."

इस्रायलला गेलात तर हॉटेल मांसाचं की दुधाचं, ते आधी विचारा. शुक्रवारी दुपारनंतर शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत कोशर हॉटेलं बंद असतात, हेही ध्यानात ठेवा. आणि कुणी ओळखीचं घरी जेवायला बोलावलं, तर आढेवेढे न घेता पाटावर बसा!