सर्वांत सौम्य ते आधी



आज आम्ही गाडी धुण्याविषयी लिहिणार आहोत. हसू नका. गाडी धुता धुता प्रभूने आमचे कान कसे धरले, ते सांगायचे आहे.

आमच्या मंडळीची एक जुनी गाडी आहे, गर्द निळ्या रंगाची. रविवारी पांढुर्ण्याच्या आसपासच्या खेड्यांतून म्हाताऱ्या आजी-आजोबांना उपासनेला आणायचे, कुणाचे दुखणे वाढले तर नागपूरला न्यायचे आणि दुःखाच्या प्रसंगी सौंसरच्या घरांकडे धावायचे, ही सगळी कामे तिचीच. 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पण आमच्यासाठी ही दोन्ही गावे त्याआधीपासूनच एका चाकावर बांधलेली होती. कचेरीत हिंदी आणि चुलीपाशी मराठी, असे आमचे दोन्हीकडचे जगणे.

गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी आम्ही चार सेवकांनी ठरवले की पवित्र सप्ताहात गाडी चकचकीत दिसली पाहिजे. उन्हाळ्याचे दिवस. कापसाच्या शेतांतली काळी माती आणि संत्र्याच्या बागांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांची धूळ गाडीवर चढली होती. आम्ही भर दुपारी बाराच्या उन्हात गाडी अंगणात उभी केली. बोअरच्या पाण्याचा पाइप लावला, एका बादलीत कपडे धुण्याची पावडर कालवली, नारळाची शेंडी आणि जुन्या बनियनचे बोळे घेतले आणि घासायला लागलो. जिथे मळ निघेना तिथे भांड्यांची तारेची घासणीही फिरवली. आवेश मोठा होता, गाणीही चालू होती. शेजारच्या मावशी हंडा घेऊन फाटकाशी आल्या आणि वाहत्या पाइपाकडे बघत उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. आम्हीही पाइप बंद केला नाही. ते आज लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुले झावळ्या घेऊन फेरीला उभी राहिली आणि गाडीवर तिरपे ऊन पडले. सगळ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे! टपावर पांढरे ठिपके, दारावर तारेच्या रेघा. पाळकसाहेब काही बोलले नाहीत. एका लहान मुलीने मात्र विचारले, “गाडीला काय झालं?”

आता गाडी कुणाला दाखवायची? सौंसरला नागपूर रस्त्यावर गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर आमच्याच मंडळीतला एक तरुण कामाला आहे. त्याचे नाव सर्वांना आठवत होते, पण घेत कुणीच नव्हते. त्याचे कारण सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षी तो दारूच्या नादी लागला होता. एका रविवारी तो तसाच उपासनेला आला. पुढच्या आठवड्यात पंचांची बैठक झाली, तिला आम्हीही होतो. आम्ही त्याला सर्वांसमोर उभे केले आणि जे बोलायचे ते बोललो. बोललो ते खोटे नव्हते. पण त्या दिवसापासून तो मंडळीत आला नाही. आम्ही म्हणालो, “बघा, मन कठोर केलं त्यानं.”

सोमवारी आम्ही गाडी घेऊन सौंसरला त्याच्याच दारात गेलो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, “काका, हे काहून घासलं तुमी असं? मळ गाडीवर कमी होता, तुमच्या फडक्यात जास्त होता.”

मग काम करता करता तो समजावून सांगू लागला. ते इथे लिहितो, कारण तुमच्याही घरी गाडी असेल आणि ते उपयोगी पडेल.

गाडीच्या रंगावर वार्निशासारखा एक पारदर्शक थर असतो. तो माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. चमक त्याचीच. कपड्यांच्या पावडरीत खार असतो, तो तेलकट डाग काढतो तसे गाडीवरचे मेणही काढून नेतो. म्हणून गाडीसाठी वेगळा शाम्पू घ्यायचा, जो ना आम्ल ना खार. बाटलीवर पीएच 7 च्या आसपास लिहिलेले असले की झाले. महागडा असलाच पाहिजे असे नाही.

आधी नुसत्या पाण्याने धूळ भिजवून खाली सोडायची. कोरड्या धुळीवर फडके फिरवायचेच नाही, कारण मातीचा प्रत्येक कण रंगावर रेघ ओढतो. मग दोन बादल्या: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. हातमोज्यासारखे मऊ फडके शाम्पूत बुडवायचे, वरून खाली एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात पिळून त्यातली माती सोडायची आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचे. आम्ही एकाच बादलीत सगळे केले होते. म्हणजे काढलेली माती पुन्हा पुन्हा गाडीलाच चोळत होतो. चाकांचा ब्रश आणि बादली वेगळी ठेवायची, कारण तिथे ब्रेकची लोखंडी भुकटी असते. दोन बादल्यांनी काम केले तर तीस-चाळीस लिटर पाण्यात गाडी निघते. पाइप सोडून ठेवला तर त्याच्या कितीतरी पट पाणी वाहून जाते.

पुसायला मायक्रोफायबरचे जाड आणि मऊ फडके घ्यायचे. त्याच्या पाकिटावर जीएसएम लिहिलेले असते, तीनशे-चारशेचे पुरते. ते इतर कपड्यांबरोबर धुवायचे नाही आणि एकदा जमिनीवर पडले की गाडीला लावायचे नाही. गाडी सावलीत धुवायची. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच वाळते आणि बोअरच्या पाण्यातले क्षार पांढरे ठिपके होऊन बसतात. ते काढायला पांढरा व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून ओल्या फडक्याने टिपायचा आणि लगेच धुवायचा. पाखराची घाण खरवडायची नाही, ओले फडके तिच्यावर ठेवून ती भिजू द्यायची. टायर काळे दिसावेत म्हणून डिझेल लावायचे नाही, रबर खराब होते.

आम्ही विचारले, “आणि पॉलिश?”

तो म्हणाला, “काका, इथंच लोक चुकतात. पॉलिश अन् मेण हे एक नाही. पॉलिश घासून वरचा थर थोडा काढते, तेव्हा ओरखडा जातो. मेण काही काढत नाही, वरून झाकून राखते. पॉलिश केलं की तेवढा थर कायमचा गेला. म्हणून ते जेवढं लागेल तेवढंच.”

मग तो ओरखड्यांवर आला. आम्हाला वाटले, आता दुकानात मिळते ते जाड रबिंग कंपाउंड काढेल आणि मशीन फिरवेल. त्याने तसे केले नाही. दारावरची वीतभर जागा निवडली, सर्वांत बारीक पॉलिश मऊ स्पंजावर घेतले आणि हातानेच हलके फिरवले. पुसून उजेडात पाहिले. काही रेघा गेल्या, काही राहिल्या. राहिलेल्यांसाठी थोडे जास्त धारदार पॉलिश घेतले. पुन्हा पाहिले. मशीन त्याने सर्वांत शेवटी काढले, आणि तेही तारेच्या रेघांपुरतेच. एक रेघ फार खोल होती, ती त्याने तशीच सोडली. “हिच्या मागं लागलो तर रंगच जाईल. राहू द्या. मेणानं थोडी झाकेल.”

आम्ही विचारले, “सुरुवातीलाच जोराचं लावलं असतं तर वेळ वाचला नसता?”

“वेळ वाचला असता. गाडी वाचली नसती. आमच्यात असंच शिकवतात काका, सर्वांत सौम्य ते आधी.”

परतताना गाडीत कुणी बोलत नव्हते. पांढुर्णा जवळ आले तेव्हा आमच्यातल्या वयाने मोठ्या पंचांनी हळूच म्हटले, “मत्तय अठरा.”

बंधुभगिनींनो, तो अध्याय तुम्हाला ठाऊक आहे. भाऊ चुकला तर काय करावे, ते प्रभूने तिथे क्रमाने सांगितले आहे. आधी एकट्याने जा आणि दोघेच असताना बोला. त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्या. तरीही ऐकले नाही तर मग मंडळीला सांगा. म्हणजे तोच नियम, सर्वांत सौम्य ते आधी! आणि आम्ही काय केले होते? पहिली पायरी सोडली, दुसरी सोडली, आणि सरळ शेवटची काढली. एकट्याने त्याच्या घरी आमच्यापैकी एकही गेला नव्हता.

पांढुर्ण्यात दगड म्हटला की सर्वांना गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगावचे लोक समोरासमोर उभे राहतात. तो दगड येताना निदान दिसतो. बैठकीत फेकलेला शब्द दिसत नाही, आणि फेकणाऱ्याला वाटते की आपण सेवा केली.

पवित्र गुरुवारी उपासनेत योहानाचा तेरावा अध्याय वाचला गेला. दरवर्षी ऐकतो, पण या वेळी आमचे लक्ष प्रभूने निवडलेल्या साधनांकडे गेले. एक गंगाळ, पाणी आणि कमरेला बांधलेला रुमाल. बस. पेत्र उत्साहाने म्हणतो की मग हात आणि डोकेही धुवा. प्रभू त्याला थांबवतो: ज्याचे स्नान झाले आहे त्याचे फक्त पाय धुवायचे. जेवढे मळले तेवढेच. आणि हे करताना प्रभू उभा राहून बोलत नाही, खाली वाकतो. मलाखीने प्रभूच्या येण्याला परटाच्या खाराची उपमा दिली आहे, हे खरे. पण तिथेच तो चांदी शुद्ध करणाऱ्याचेही चित्र काढतो, आणि तो शुद्ध करणारा बसलेला आहे. त्याला घाई नाही. खार किती आणि आच किती हे त्याला कळते. आम्हाला कळत नव्हते, तरी आम्ही घासणी हातात घेतली.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल सांगतो की चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा. गाडीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर आपले फडके आधी दुसऱ्या बादलीत पिळा. त्या बैठकीत आमच्या फडक्यात काय काय होते ते आता दिसते. थोडा राग होता. लोक काय म्हणतील ही भीती होती. आणि आपण असे नाही, याचा थोडा आनंदही होता.

त्याच संध्याकाळी आमचे ते वडीलधारे पंच सौंसरला गेले, एकटे. परत आल्यावर त्यांनी एवढेच सांगितले. तो म्हणाला, “मी चुकलो होतो काका, ते खरं. पण माही माय बसली होती तिथं.”

आम्हाला त्याची आई तिथे बसलेली होती हे आठवतही नव्हते. ती दुसऱ्या रांगेत होती. आम्ही त्याच्याकडे बघत होतो, तो तिच्याकडे बघत होता.

ईस्टरच्या पहाटे तो आईला मोटरसायकलवर घेऊन आला. आई आत गेली. तो गाडीपाशी थांबला. बोनेटवर पाखराची घाण होती. त्याने खिशातले फडके नळावर भिजवले, त्या डागावर ठेवले आणि ते भिजेपर्यंत तिथेच उभा राहिला. दुसरे गीत सुरू झाले तेव्हा तो व्हरांड्यापर्यंत आला होता. त्या दिवशी तो आत आला नाही. नंतर कधी येतो, कधी येत नाही. आम्ही बोलावण्याची घाई करत नाही. घरी मात्र जात राहतो, एकेकटे.

गाडीच्या दारावर ती एक खोल रेघ अजून आहे. मेण लावले की अंधूक होते, पुसत नाही. ती आमची रेघ आहे, आणि ती तिथे आहे हे बरे आहे. आता गाडी सकाळी सावलीत धुतो, दोन बादल्यांत. त्याआधी शेजारच्या मावशींचा हंडा भरून देतो.

या आठवड्यात तुम्ही कुणाची चूक दाखवायला निघाला असाल, तर निघण्याआधी आपल्या हातात काय आहे ते एकदा उजेडात बघा.

हे प्रभू, तू आमचे पाय धुतलेस तेव्हा आम्हाला ओरखडा पडला नाही. तसे हात आम्हालाही दे. आमेन.