यात आधी काय होतं?

शाळेच्या मधल्या सुट्टीत डबे उघडले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. “आपा, इतनी तनख्वाह में टिटवाला में घर कैसे बना लिया? और ऊपर से बाग भी?” आम्ही हसतो आणि खरं तेच सांगतो. घर आम्ही बांधलं नाही, गोळा केलं.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, दोन मुली आणि अम्मी. आमच्यातली एक उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवते, दुसरा भिवंडीच्या एका गोदामात मालाचा हिशेब लिहितो. बी.एड. झाल्यावर पाच वर्षं तासिकेवर गेली, मग शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं. राज्यात ही योजना २००० साली आली. माध्यमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचं मानधन कित्येक वर्षं महिना आठ हजार रुपये होतं. २०२३ मध्ये ते अठरा हजार झालं, तोवर आमची तीन वर्षं सरून गेली होती. भिवंडीतल्या पागडीच्या खोलीत पाच माणसं, एक खिडकी आणि खालून दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट. मुलींना खडखडाटाशिवाय झोप येत नाही, हे लक्षात आलं तेव्हा आम्ही घर शोधायला निघालो.

आधी नव्या इमारतीतला भाड्याचा फ्लॅट बघितला. दलालाने खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवला, खिडकीतून डोंगर दाखवला. मग नाव विचारलं. नाव सांगितल्यावर म्हणाला, “आधी कुठे राहत होता?” तेही सांगितलं. “सोसायटीत विचारून कळवतो.” त्याचा फोन आला नाही. असे तीन दलाल झाले. चौथ्या वेळी आम्ही इमारतींचा नाद सोडला आणि २०१८च्या फेब्रुवारीत टिटवाळ्याच्या एका कडेला एक जुनं बैठं घर घेतलं. दोन खोल्या, मोडकं छप्पर, मागेपुढे मोकळी जागा. सगळं मिळून जेमतेम दीड गुंठा. अम्मीच्या बांगड्या आणि पागडीचे पैसे त्यातच संपले. दुरुस्तीला हातात उरलं ते फारच थोडं.

मग आम्ही वहीत दोन याद्या केल्या. एकीत ‘विकत’, दुसरीत ‘हाताशी आहे’. पुढची पाच-सहा वर्षं ही वही आमच्या घराचा नकाशा होती.

अम्मीचं माहेर खानदेशातलं. तिकडची घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. तिने आल्याआल्या सल्ला दिला, “छत पे मिट्टी डाल दो, ठंडा रहेगा.” सल्ला वाईट नव्हता, पण गाव चुकलं होतं. खानदेशात पाऊस बेताचा, म्हणून तिथे मातीचं छत टिकतं. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे छताला उतारच हवा. हाताशी असलेल्या वस्तूने घर करायचं तर आधी आपण कुठे उभे आहोत ते बघावं लागतं, हा पहिला धडा. कल्याणच्या पारनाक्याकडे जुने वाडे पाडून इमारती होत होत्या. तिथून निघालेली मंगलोरी कौलं आम्ही नगावर घेतली. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचं: खणखणीत वाजलं तर घ्यायचं, भद्द वाजलं तर आत तडा आहे. मुलींनी हे काम खेळासारखं केलं. एक सागवानी दार आणि दोन खिडक्याही तशाच आल्या. जुने सिमेंटचे पत्रे तर एकजण फुकट देत होता. ते मात्र आम्ही नाकारले. त्यात ॲस्बेस्टॉस असतो; पत्रा कापताना, मोडताना त्याचे तंतू उडतात आणि फुफ्फुसात जाऊन बसतात. विज्ञान शिकवणाऱ्या घरात एवढं तरी पाळायला हवं.

गोदामातून पॅलेट मिळाली. ज्यांच्यावर माल रचून उचलतात त्या लाकडी चौकटी. मोडकी झाली की ती सरपणाच्या भावाने जातात. त्यांतून मुलींचा पलंग, स्वयंपाकघरातली मांडणी आणि कोंबड्यांचं खुराडं झालं. पण पॅलेट घेतानाही बघावं लागतं. परदेशी मालाबरोबर आलेल्या लाकडावर छाप असतो. ‘एचटी’ असेल तर कीड मारण्यासाठी लाकूड तापवलेलं आहे, आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. आम्ही ‘एचटी’चीच उचलली. मुली त्या लाकडावर झोपणार होत्या.

तीन गोष्टींत काटकसर करायची नाही, हे आधीच ठरलं होतं. विजेची वायर, पिण्याचं पाणी आणि जोतं. २६ जुलै २००५चा पूर आम्ही शाळकरी वयात भिवंडीत पाहिला होता. इथे तर काळू नदी जवळ. जोतं दोन फूट उचललं. भराव पाडकामाच्या राबिटाचा, पण वरचा कोबा नव्या सिमेंटचा. शेजाऱ्यांना तो खर्च वेडेपणाचा वाटला. २०१९च्या पावसाळ्यात नद्या फुगल्या. पुढच्याच स्टेशनाजवळ, खडवलीच्या जू गावातल्या लोकांना ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. आमच्या अंगणात गुडघाभर पाणी होतं. उंबऱ्याच्या आत आलं नाही. त्या रात्री दोन शेजारी कुटुंबं आमच्या घरात बसून होती. अम्मीने सगळ्यांसाठी खिचडी टाकली.

चूक झाली ती पाण्याच्या बाबतीत. आमचं छप्पर सुमारे तीनशे चौरस फूट, म्हणजे २८ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. दहा मिलिमीटरची एक सर आली की २८० लिटर पाणी पन्हळीतून उतरतं. हे गणित वर्गात फळ्यावर मांडलं तेव्हा मुलांनी डोळे मोठे केले होते. ते साठवायला पिंप हवं. भंगारवाल्याकडे दोनशे लिटरचं निळं पिंप स्वस्तात मिळालं. साबणाने दोनदा धुतलं. थोडा उग्र वास राहिला होता, पण पावसाने जाईल म्हटलं. पहिल्या पावसाचं पाणी त्यात भरलं, मेथीला आणि वांग्यांना घातलं. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या, आठव्या दिवशी वाफा मेला. त्याचं दुःख नव्हतं. धाकटी त्या पिंपात हात बुडवून खेळली होती. संध्याकाळी कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “त्या पिंपात आधी काय होतं?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. भंगारवाल्याकडेही नव्हतं. कुठल्यातरी कारखान्याचं रसायन, एवढंच.

पुरळ आठवड्यात गेलं. पण डॉक्टरांचा प्रश्न घरात राहिला. नंतरची तीन पिंपं लोणच्याच्या धंद्यातली घेतली. वर्षभर त्यांना मोहरी-हिंगाचा वास येत होता आणि आम्ही तो आनंदाने सोसला.

बागेचं शिक्षण आम्हाला श्रीपाद अच्युत दाभोळकरांकडून मिळालं, म्हणजे त्यांच्या पुस्तकांतून. ते गारगोटीला शिकवत. सामान्य शेतकऱ्यांना जोडून त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे नीट कसले तर पुरतात, असं ते हिशेबाने मांडत. पालापाचोळा, ऊन आणि निरीक्षण ही त्यांची भांडवलं. त्याच विचाराने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या भोजनगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. आमच्याकडे दहा गुंठे नाहीत, घर धरूनही जेमतेम दीडच. पण कचरा भरपूर होता. रसवंतीवाल्याकडची चिपाडं, गोदामातली फाटकी पोती, ईदच्या आधी दारात बांधलेल्या बकऱ्यांच्या लेंड्या, चहाचा चोथा, मासे धुतलेलं पाणी. पोत्यात तळाला चिपाडं, वर पाला, वर लेंडीखत आणि चार बोटं माती. मिरची, वांगी, घेवडा त्यात तरारून येतो.

अम्मीचं वजूचं पाणी ही तिची स्वतःची भर. वजूच्या पाण्यात साबण नसतो. नदीकाठी बसलात तरी पाणी वाया घालवू नका, ही शिकवण तिने लहानपणापासून ऐकलेली. तिने वजूच्या जागेपासून केळीपर्यंत एक फुटकी पन्हळ टाकून घेतली. एकदा मोजून पाहिलं, तिघांचं मिळून दिवसाला २५-३० लिटर पाणी होतं. केळ, अळू आणि पुदिना त्यावरच आहेत. अळूची वडी करायला तिला शेजारच्या काकूंनी शिकवलं. बदल्यात काकूंच्या घरी पुदिना जातो.

सगळ्यांत मोठा साठा मात्र गणपतीच्या देवळाबाहेर मिळाला. तिथे एक नारळवाले काका बसतात. सोललेल्या नारळांच्या शेंड्यांचा ढीग त्यांच्यामागे पडलेला असतो. पोत्यात घातल्या की ओल धरून ठेवतात. पहिल्यांदा मागायला गेलो तेव्हा बुरख्यात होतो, जरा बिचकतच विचारलं. काका म्हणाले, “न्या की. मंगळवारी या, अंगारकी आहे, दोन पोती भरतील.” त्यांनी नाव विचारलं नाही. आजतागायत ते ‘बाई’ म्हणतात.

विटांची गोष्ट सांगायची राहिली. मागची भिंत बांधायला आम्ही भट्टीवरच्या तुकडा विटा आणल्या. अखंड विटेपेक्षा कितीतरी स्वस्त. त्या निवडताना एक मुलगी मदतीला आली, आमच्या थोरलीच्या वयाची. कातकरी. पावसाळा संपला की आईबापांबरोबर भट्टीवर येते, पावसाच्या तोंडाशी पाड्यावर परत जाते. मधली शाळा बुडते. ती राहत होती ते घर आम्ही पाहिलं. विटाच एकावर एक रचलेल्या, सांध्यांत सिमेंट नाही, वर पेंढा आणि प्लास्टिक. त्याला भोंगा म्हणतात. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने भट्ट्यांवरच्या मुलांसाठी ज्या शाळा चालवल्या, त्यांना म्हणूनच भोंगाशाळा नाव पडलं. हाताशी असलेल्या सामानातून घर करणं म्हणजे काय, हे त्या घराला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. फरक एवढाच, की आमचं जोतं पक्कं होतं आणि तिचं घर पावसाआधी मोडायचं होतं. आम्ही काटकसरीची बढाई मारत होतो; तिच्याकडे दुसरा उपायच नव्हता.

त्या विटा आम्ही परत केल्या नाहीत. भिंत उभी आहे. पण ‘यात आधी काय होतं’ या प्रश्नाचं एक उत्तर त्या भिंतीतही आहे आणि ते धुऊन निघत नाही. पुढच्या हंगामात शाळेतल्या जुन्या पाट्या, चित्रांची पुस्तकं घेऊन रविवारी भट्टीवर जायला लागलो. तिला मराठी अक्षरं शिकवली. फार मोठं काही नाही. त्या वर्षी ती बाराखडीपर्यंत आली. पुढच्या वर्षी ते कुटुंब दुसऱ्या भट्टीवर गेलं.

मागच्या वर्षी घराच्या मागे एक खोली काढली, भाड्याने द्यायला. गोदामात काम करणारं एक तरुण जोडपं बघायला आलं. आम्ही खोली दाखवली, नळ सोडून दाखवला, केळ दाखवली. आणि मग आमच्याच तोंडून सहज निघालं, “आधी कुठे राहत होता?” त्या मुलीने नवऱ्याकडे बघितलं. तिचा चेहरा आम्हाला ओळखीचा वाटला. दलालासमोर आमचा तसाच झाला असणार. प्रश्न तोच होता. पिंपाला विचारायचा, लाकडाला विचारायचा, विटेला तर विचारायलाच हवा. माणसाला विचारताना त्याचा अर्थ बदलतो, हे आम्हाला माहीत असूनही जीभ घसरली. “राहू दे,” आम्ही म्हटलं, “सामान कधी आणताय ते सांगा.”

ती दोघं आता इथेच आहेत. पावसाळ्यात त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात एक कौल गळलं. वाजवून घेतलेलं कौल होतं, तरी गळलं. वहीतल्या ‘हाताशी आहे’ या यादीत सहा कौलं शिल्लक होती. त्यांतलं एक चढवलं. पाच उरली आहेत.