नाडी

सकाळी बोट क्लबवर गेलो. राजा भोजाचं ११व्या शतकातलं तळं आरशासारखं, वारा नावालाच. म्हटलं, होडीच्या बूममधला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांडीतला, आउटहॉल बदलून टाकू. शिडाचा मागचा कोपरा ताणणारा हा दोर बूमच्या पोटातून जातो. ताणला की शिडाचा फुगा उतरतो. दोराचं वरचं आवरण पार पिंजारलं होतं.

जुना दोर आधी काढायचा नाही! गेल्या खेपेला तो शहाणपणा करून अर्धा दिवस तार घालून चाचपडलो. आज जुन्या आणि नव्या दोराची टोकं समोरासमोर टेकवून चार टाके घातले, वर चिकटपट्टी. गाठ पुलीत अडकते. आई पायजम्याची नवी नाडी अशीच जुनीला शिवून ओवायची. जुना दोर ओढताना मधेच अडलं, हलकेच मागेपुढे केलं, तर नव्याचं निळं टोक सरकत बाहेर आलं.

दुपारी वारा सुटला.