लाइनमन

माझे बाबा लाइनमन होते. वीज कंपनीत, खांबावर चढणारे. शाळेत कुणी विचारलं की मी 'ऑफिसर आहेत' असं ठोकून द्यायचो.

2017 मध्ये शिकायला क्लीव्हलँडला गेलो. रूममेट ब्राउन्सचा भक्त. टीव्हीवर बोट ठेवून म्हणाला, "हे पाच ऑफेन्सिव्ह लाइनमन." मला हसूच आलं.

ही धिप्पाड माणसं बॉल फेकत नाहीत. पुढे फेकलेला बॉल झेलायलाही त्यांना सहसा परवानगी नसते. क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच काम. चूक झाली तरच रेफरी त्यांचा नंबर पुकारतो. आमच्याकडेही लाईट गेली की मगच लोकांना बाबा आठवायचे.

73 नंबरचा जो थॉमस लेफ्ट टॅकल होता. म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला पाठीमागची जी बाजू दिसत नाही, ती सांभाळणारा. 2007 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर त्याची निवड झाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या समारंभाला न जाता तो वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडत होता. नंतर टीम हरत राहिली, वीसेक क्वार्टरबॅक आले-गेले. प्लेऑफची एकही मॅच त्याच्या नशिबी आली नाही. तरी बॉल मागे देऊन सुरू होणारा एकही डाव, एकही स्नॅप त्याने सोडला नाही.

22 ऑक्टोबर 2017. टायटन्सविरुद्ध त्याच्या डाव्या हाताचा ट्रायसेप्स फाटला. सलग 10,363 स्नॅप्सनंतर तो पहिल्यांदा बाहेर बसला. रूममेट बराच वेळ बोललाच नाही.

त्या रात्री घरी फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ, दिवाळी नुकतीच संपलेली. विचारलं, "बाबा, आजवर किती वेळा रात्री उठून गेला असाल?"

"मोजायचं काय त्यात? लाईट गेली की जायचं."

थॉमसचे स्नॅप कुणीतरी मोजले होते. बाबांच्या रात्री कुणीच मोजल्या नव्हत्या. मीही नाही.

2023 मध्ये थॉमस हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच वर्षी बाबा निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. घरी आल्यावर मी त्यांना मोबाइलवर थॉमसचा खेळ दाखवला. नियम समजावायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. बॉल कुठे गेला, हे त्यांनी पाहिलंही नाही.

"पाय बघ त्याचे," म्हणाले. "आधी पाय रोवतो, मग हात टाकतो. बरोबर आहे."

आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला.