पैलतीराचे फूल

मराठीच्या प्राध्यापकाला एक अहंकार असतो. "आपली लिपी बोलावे तसे लिहिते आणि लिहिले तसे वाचते," हे वाक्य मी वीस वर्षे वर्गात मोठ्या ऐटीने ऐकवीत आलो. या अहंकाराचा फुगा फुटला तो तोक्योत, एका फुलांच्या दुकानासमोर. आणि फोडणारी व्यक्ती होती नऊ वर्षांची!

तोक्योच्या पूर्वेला निशी-कासाई म्हणून एक वस्ती आहे. तेथे भारतीयांची पुष्कळ बिऱ्हाडे आहेत. त्यांतलेच एक माझ्या भाचीचे. गेल्या सप्टेंबरात तिच्याकडे तीन आठवडे राहिलो. भाची आणि जावई सकाळीच कामावर जात. दुपारी शाळा सुटली की त्यांची कन्या आणि मी भटकायला निघत असू. ती मला 'मामाआजोबा' म्हणते. पन्नाशीच्या आतच मिळालेली ही पदवी मी निमूटपणे स्वीकारली आहे.

जपानी माणूस एकाच वाक्यात तीन लिप्या वापरतो. हिरागाना आणि काताकाना या उच्चाराच्या लिप्या, सेहेचाळीस-सेहेचाळीस अक्षरांच्या. तिसरी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली अक्षरे. त्यांतले प्रत्येक अक्षर आपापला अर्थ बाळगून असते. फुलांच्या पाट्या बहुधा काताकानात असतात. ती लिपी मी दोन दिवसांत घोकून काढली आणि दुकानासमोर उभे राहून मोठ्याने वाचले, "आ-सा-गा-ओ!"

दुकानातल्या आजीबाई कौतुकाने हसल्या. कागद ओढून त्यांनी दोन कांजी अक्षरे काढली. नातीने अर्थ सांगितला : सकाळ आणि चेहरा. सकाळचा चेहरा! कुंडीत मिटून गेलेल्या त्या निळ्या फुलांकडे मी पाहतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोरच्या झाडाकडे बोट दाखवले. गुलाबी, चुरगळल्यासारख्या पाकळ्या. महाराष्ट्राचे राज्यपुष्प जे तामण, त्याच्याच कुळातले हे झाड. आजीबाईंनी तीन अक्षरे लिहिली. शंभर, दिवस, लाल. शंभर दिवस लाल राहणारे! नात मात्र गोंधळली. शाळेत शिकलेला शंभराचा उच्चार 'ह्याकु'. तो लावून तिने काहीतरी जुळवून पाहिले. आजीबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "सारुसुबेरी."

सारु म्हणजे माकड आणि सुबेरी म्हणजे घसरणे. खोड इतके गुळगुळीत, की माकडसुद्धा घसरावे! कागदावर शंभर दिवसांची लाली, आणि तोंडात घसरणारे माकड. कोणत्या अक्षराचा कोणता उच्चार, असे विचाराल तर तसे तुकडे पडतच नाहीत. लिहिणे चीनकडून घेतले, पण तोंडातले आपले जुने नाव काही जपानी माणसाने सोडले नाही. आपण लिहावे 'कृष्णकमळ' आणि वाचावे भलतेच काही, असा हा प्रकार!

अशा नावांचा मला नादच लागला. शेवंतीसारख्या फुलाला 'किकु' म्हणतात. हा उच्चार मूळचा चिनी. अक्षर आणि उच्चार दोन्ही उसने, म्हणजे आपल्या व्याकरणात तत्सम शब्दच की! 'आजिसाई' लिहितात ती जांभळा, सूर्य, फूल या तीन अक्षरांनी. चिनी कवी बाई ज्युई याने ही अक्षरे एका निराळ्याच फुलाला दिली होती, असे मानतात. दहाव्या शतकातल्या एका जपानी कोशकाराने ती आजिसाईला लावली, आणि ती चूक हजार वर्षे सुखाने नांदते आहे. विद्यार्थ्यांच्या वह्यांवर मी ओढलेल्या तांबड्या रेघा मला आठवल्या.

एकदा नातीकरवी आजीबाईंना विचारले, "अक्षरांवरून कळत नाही, तर ही नावे वाचायला तुम्ही शिकलात कशा?"

त्या म्हणाल्या, "आईने सांगितली."

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही सारे साइतामा प्रांतातल्या किन्चाकुदा येथे गेलो. कोमा नदीने वळण घेऊन वेढलेली ही जमीन. तेथे झाडांखाली लाखो लाल फुले उभी होती. दांड्याला एक पान नाही. फुले असताना पाने नसतात, पाने येतात तेव्हा फुले गेलेली असतात. या फुलाचे नाव 'हिगान्बाना'. हिगान म्हणजे पलीकडचा काठ, आपले पैलतीर. दिवस-रात्र समान होतात त्या सुमाराच्या सात दिवसांनाही हिगान म्हणतात. लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन फुले वाहतात. आपल्याकडे पितृपक्ष येतो तोही याच सुमारास.

त्याच फुलाचे दुसरे नाव 'मान्जुशागे'. येथे मात्र कांजी अक्षरे अर्थ सोडून उच्चारासाठी धावून आली आहेत, कारण शब्द आहे संस्कृत : मंजूषक! सद्धर्मपुंडरीक सूत्रात स्वर्गातून वर्षणाऱ्या फुलांत तो येतो. बौद्ध ग्रंथांबरोबर चीन ओलांडून तो येथवर आला. घरचेच माणूस परदेशी वेषात भेटावे, तसे मला झाले.

आणि घर आठवताच आई आठवली. कोकणातल्या आमच्या घरामागे, पावसाळा सरता सरता, कुंपणाच्या कडेने एक बारीक जांभळे फूल येई. आई ते देवाला वाही, नाव घेऊन मला आणायला धाडी. ते नाव काही केल्या आठवेना. त्या रात्री मी ताईला फोन केला. तिकडे अजून संध्याकाळच होती. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई काहीतरी म्हणायची खरी. तुलाच ठाऊक असेल. आणायला तर तूच जायचास."

आईला जाऊन सहा वर्षे झाली. आता विचारायला कोणी नाही.

आपली लिपी बोलावे तसे लिहिते, हे मी अजूनही वर्गात सांगतो, आणि ते खोटे नाही. पण जे कान देऊन ऐकलेच नाही, ते लिहायला कोणतीही लिपी पुरी पडत नाही. म्हणून या वर्षी मुलांना सुट्टीचा अभ्यास दिला आहे : घरातल्या सर्वांत वडील माणसाला दहा फुलांची नावे विचारून या. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही.