डोळ्याची नस, वजनाचं इंजेक्शन आणि पक्कं बिल

सकाळी उठून तोंड धुताना लक्षात येतं की काहीतरी बिनसलंय. चष्मा पुसून होतो, डोळे चोळून होतात. मग सहज एक डोळा झाकला जातो आणि कळतं की दुसऱ्या डोळ्याला खालचं अर्धं जग दिसतच नाही. पायऱ्या दिसत नाहीत, ताटातली भाजी दिसत नाही, समोरच्याचा चेहरा दिसतो पण त्याचे हात दिसत नाहीत. दुखत काहीच नाही. डोळा लाल नाही, पाणी नाही, टोचणी नाही. आणि दुखत नाही म्हणूनच माणूस दोन-चार दिवस घालवतो, मेडिकलमधून थेंब आणून घालतो आणि मग आमच्याकडे येतो.

या आजाराचं पूर्ण नाव नॉन-आर्टेरिटिक अँटिरियर इस्केमिक ऑप्टिक न्युरोपॅथी. आम्ही नेत्रचेताविकाराचे डॉक्टर त्याला लघुरूपानं ‘नायॉन’ म्हणतो. रुग्णाला सांगताना मी ‘डोळ्याच्या नसेचा झटका’ म्हणते, कारण घडतं तेच. डोळ्यातून मेंदूकडे जाणारे दहा-बारा लाख तंतू जेमतेम दीड मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर पडतात. त्या जागेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक. काही जणांच्या नसेचं तोंड जन्मतःच लहान असतं आणि तंतू तिथे दाटीवाटीनं बसलेले असतात. त्यांचा रक्तपुरवठा थोडा जरी उणावला तरी तंतू सुजतात. सुजायला जागा नसते, म्हणून ते एकमेकांना आणि वाहिन्यांना दाबतात, त्यामुळे रक्त आणखी कमी पोहोचतं. काही तासांत खेळ संपतो. मधुमेह, रक्तदाब, झोपेत घोरताना श्वास अडकणं, रात्री रक्तदाब फार खाली जाणं ही जोखमीची जुनी, ओळखीची यादी. तिच्यात आता वजन आणि साखर कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइडचं नाव आलं आहे.

2023 च्या उन्हाळ्यात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर रुग्णालयातल्या डॉ. जोसेफ रिझो यांच्या विभागात एकाच आठवड्यात नायॉनचे तीन रुग्ण आले आणि तिघेही सेमाग्लुटाइडवर होते. त्यांनी मागची सहा वर्षांची कागदपत्रं काढली. जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मधुमेही गटात हे औषध घेणाऱ्या 194 जणांपैकी 17 जणांना नायॉन झालेला आढळला. वजनासाठी औषध घेणाऱ्या 361 जणांपैकी 20 जणांना. इतर औषधं घेणाऱ्यांच्या तुलनेत पहिल्या गटाची जोखीम चौपटीहून जास्त आणि दुसऱ्याची सातपटीहून जास्त भरली. हे आकडे वाचून घाबरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तिथे येणारे लोक आधीच डोळ्याची गंभीर तक्रार घेऊन आलेले असतात, त्यामुळे तिथलं प्रमाण बाहेरच्या समाजाला लावता येत नाही. डेन्मार्कमधल्या 4,24,152 मधुमेहींच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा जोखीम सुमारे दुप्पट, नेमकं सांगायचं तर 2.19 पट निघाली. जून 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेनं निष्कर्ष काढला की नायॉन हा सेमाग्लुटाइडचा अत्यंत विरळ दुष्परिणाम आहे, औषध घेणाऱ्या 10,000 लोकांत फार तर एकाला होणारा. औषधासोबतच्या माहितीपत्रकात तो छापावा, असंही तिनं सुचवलं. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनंही सावधगिरीची सूचना काढली.

दहा हजारांत एक. हे औषध कुणी भीतीनं बंद करावं असं मला मुळीच वाटत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिलेक्ट’ चाचणीत 17,604 हृदयरोगी होते आणि त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगानं होणारे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण या औषधानं 20 टक्क्यांनी घटवलं. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी ते मोलाचं औषध आहे. पण भारतात सेमाग्लुटाइडचं पेटंट मार्च 2026 पर्यंतचंच. पेटंट संपलं की औषध स्वस्त होतं, घरोघरी जातं. मधुमेहींचा एवढा मोठा देश, त्यात लग्नाआधी दहा किलो उतरवायची घाई. लाखो लोकांनी औषध घेतलं तर ‘विरळ’ या शब्दामागेही हाडामांसाची माणसं उभी राहतात. त्यांच्यापुढचे दोन प्रश्न मला रोज भिडतात: आता माझ्या डोळ्याचं काय, आणि याची जबाबदारी कुणाची?

पहिल्याचं उत्तर कठोर आहे. नायॉनवर सिद्ध झालेला उपचार नाही. नसेभोवतीचं आवरण उघडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत रीतसर चाचणी करून तपासली गेली. 1995 मध्ये निकाल आला की तिचा उपयोग नाही, उलट अपायच संभवतो. गंमत म्हणजे ज्यांची शस्त्रक्रिया केलीच नाही त्यांच्यापैकी चाळीसेक टक्क्यांची नजर सहा महिन्यांत आपोआप तक्त्यावरच्या तीन ओळी सुधारली. म्हणून कुणी महागडी इंजेक्शनं देऊन ‘नस जिवंत करतो’ म्हणालं तर त्याच्या खात्यावर ही नैसर्गिक सुधारणाच जमा होत असते. अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा. पन्नाशीपुढच्या माणसाला नजर जाण्यासोबत नवी डोकेदुखी, घास चावताना जबडा दुखणं, ताप, वजन घटणं असं काही असेल, तर तो धमन्यांच्या दाहाचा वेगळा आजार असू शकतो. त्यात स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू करावं लागतं, नाहीतर दुसरा डोळाही जाऊ शकतो. आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, तरी ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या न बघता नायॉनचं निदान करू नये.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मी वकील नाही. पण न्यायालयात शेवटी जे वाचलं जातं ते डॉक्टरांनी लिहिलेलं असतं, म्हणून कायद्याची ही बाजू मला शिकावी लागली.

अमेरिकेत सेमाग्लुटाइडच्या उत्पादक कंपनीविरुद्ध नायॉनचे दावे दाखल झाले आहेत. त्यांचा गाभा ‘औषध वाईट आहे’ हा नाही, ‘धोक्याची सूचना दिली नाही’ हा आहे. तिथला एक जुना नियम कंपनीच्या बाजूनं उभा असतो: कंपनीनं डॉक्टरला नीट सांगितलं असेल तर तिचं कर्तव्य संपलं, रुग्णाला सांगणं डॉक्टरचं काम. दुसरी अडचण पुराव्याची. याच आजारावरून व्हायग्राच्या उत्पादकावर खटले झाले होते. 2005 मध्ये त्या औषधाच्या माहितीपत्रकात नायॉनचा उल्लेख आला आणि मिनेसोटाच्या संघीय न्यायालयात दावे एकत्र केले गेले. पण ज्या अभ्यासावर रुग्णांच्या बाजूचा तज्ज्ञ उभा होता त्यातल्या आकडेवारीत चुका निघाल्या, 2009 मध्ये न्यायालयानं ती साक्ष बाद केली आणि दावे कोसळले.

इथे तो 2.19 चा आकडा पुन्हा बघावा लागतो. दिवाणी न्यायालय ‘पन्नास टक्क्यांहून जास्त शक्यता’ मागतं. जोखीम बरोबर दुप्पट असेल तर औषध घेणाऱ्या ज्या शंभर जणांना नायॉन झाला त्यांतल्या पन्नास जणांना तो औषधाशिवायही झालाच असता. 2.19 पट असेल तर हिशोबानं चोपन्न जणांचा नायॉन औषधामुळे ठरतो. म्हणजे काटा जेमतेम रुग्णाकडे झुकतो. अमेरिकेतली कित्येक न्यायालयं याच दुपटीच्या रेषेवर कार्यकारण तोलतात. त्यात हा रुग्ण मधुमेही, रक्तदाबाचा, घोरणारा असला की समोरचा वकील म्हणणार, याला तसाही झाला असता. औषध नसेला नेमकी कशी इजा करतं तेही अजून सिद्ध झालेलं नाही. अशा वेळी या एका माणसाच्या कागदांत काय आहे, यावर सगळं येऊन ठेपतं.

कंपनी ज्या देशाची, त्या डेन्मार्कनं निराळी वाट ठेवली आहे. तिथे औषधानं इजा झालेल्या रुग्णाला कुणाची चूक सिद्ध न करता भरपाई मागता येते, आणि 2025 मध्ये सेमाग्लुटाइडनंतर नायॉन झालेल्या काही रुग्णांना ती मंजूरही झाली. आपल्याकडे औषधाच्या चाचणीत इजा झाली तर भरपाईचे नियम आहेत, पण दुकानातून विकत घेतलेल्या औषधासाठी अशी सोय नाही. ती व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे. अंधुक नजरेच्या माणसाला कोर्टाची पायरी चढायला लावून मग त्याच्या दाव्याचा खरेपणा तपासणं हा न्याय नाही.

तरीही कायदा अगदीच रिकाम्या हाती पाठवत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. कलम 84 नुसार वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा दिला नसेल तर उत्पादक जबाबदार धरला जातो. कलम 87 मात्र त्याला सूटही देतं: तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची वस्तू असेल आणि तज्ज्ञाला इशारा देण्याची रास्त व्यवस्था केली असेल तर जबाबदारी नाही. म्हणजे बोट पुन्हा आम्हा डॉक्टरांकडे वळतं. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच व्ही. पी. शांता खटल्यात सांगितलं आणि रुग्णाला संमती देण्यापुरती पुरेशी माहिती मिळाली पाहिजे हे 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात. त्या खटल्यात प्रत्येक दूरचा धोका सांगण्याची सक्ती मात्र केलेली नाही. माझ्या मते जून 2025 नंतर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हा बचाव डॉक्टरला शोभणारा नाही. एका डोळ्याला आधीच नायॉन होऊन गेलेल्या माणसाला न विचारता, न सांगता हे इंजेक्शन लिहून देणं तर अजिबात नाही.

तक्रार रुग्ण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते. मुदत दोन वर्षांची. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये.

आणि मग रुग्ण फाइल उघडतो. मध्यंतरी आलेल्या एका बाईंच्या फाइलमध्ये मोबाइलवरच्या डोसाच्या मेसेजची छापील प्रत होती आणि कुणा व्यक्तीच्या नावे केलेल्या ऑनलाइन पेमेंटचा स्क्रीनशॉट. डॉक्टरची चिठ्ठी नाही, पक्कं बिल नाही, इंजेक्शनचं पेन वापरून फेकून दिलेलं, खोका रद्दीत गेलेला. बॅच नंबर कुठून आणायचा? पेनमध्ये खरंच सेमाग्लुटाइड होतं का, हेही कुणी सांगू शकत नाही. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं जून 2024 मध्येच इशारा दिला होता. माल खोटा असेल तर मूळ उत्पादकावर दावा कसा लावणार? त्या बाईंची नस मी तपासली तेव्हा झटक्याला तीन महिने होऊन गेले होते. सूज ओसरून नस फिकट, पांढुरकी पडली होती. पहिल्या आठवड्यांत आलेल्या रुग्णात टॉर्च बऱ्या डोळ्यावरून आजारी डोळ्यावर नेली की बाहुली लहान व्हायच्या ऐवजी मोठी होते, नसेच्या कडा पुसट झालेल्या असतात आणि कडेला रक्ताच्या बारीक रेघा दिसतात. ते चित्र कॅमेऱ्यात आणि दृष्टिक्षेत्राच्या (फील्डच्या) तक्त्यावर उतरलं की निदानावर वाद राहत नाही. तीन महिन्यांनंतर पांढऱ्या नसेची दहा कारणं सांगता येतात.

म्हणून जो कुणी हे औषध घेतो आहे त्याला मी सांगते, चिठ्ठीशिवाय घेऊ नका, पक्कं बिल घ्या, प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा. मधुमेह असेल तर सुरू करण्याआधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. साखर झपाट्यानं उतरली की आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. 2016 च्या एका चाचणीत पडद्याची गुंतागुंत सेमाग्लुटाइड गटात 3 टक्के आणि दुसऱ्या गटात 1.8 टक्के होती. त्याच तपासणीत नसेचं तोंड लहान आहे का तेही दिसतं आणि एक फोटो हाताशी राहतो.

नायॉन झालेला जवळजवळ प्रत्येक जण जाता जाता विचारतो, दुसऱ्या डोळ्याचं काय? पाच वर्षांत साधारण 15 टक्के लोकांना दुसऱ्या डोळ्यातही तो होतो. निदान पक्कं झालं की सेमाग्लुटाइड थांबवावं, असं युरोपच्या नियामकांचं सांगणं आहे. मी त्याच दिवशी रुग्णाच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करून दुसऱ्या औषधाबद्दल बोलते, रक्तदाबाची झोपताना घ्यायची गोळी सकाळी हलवता येईल का विचारते, घोरणाऱ्याला झोपेच्या तपासणीला पाठवते. आणि रुग्ण समोर बसलेला असतानाच भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाचा अर्ज भरते. घाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे जाणाऱ्या त्या अर्जाला रुग्णाची आद्याक्षरं आणि वय, संशयित औषध, झालेला त्रास, तो सुरू झाल्याची तारीख आणि कळवणाऱ्याचं नाव एवढं पुरतं. कार्यकारण सिद्ध करावं लागत नाही, संशय असला तरी चालतो. डॉक्टरनं भरला नाही तर रुग्ण किंवा घरचं माणूस 1800-180-3024 या क्रमांकावर स्वतः कळवू शकतं.